वय संपलं की पट काढू

त्या रविवारी मी एक प्यादं मारलं नाही. संध्याकाळी आत्यानं बुद्धिबळाचा पट घडी घालून ट्रंकेत ठेवला आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

मी तेव्हा चौथीत होते. आत्याला जाऊन आता दोन वर्षं होत आली. तिच्याविषयी लिहायला बसले की हात दर वेळी त्या रविवारावर येऊन थांबतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नव्हतं. मंगळवार पेठेत आम्ही सगळे एकत्र राहायचो आणि ती महापालिकेच्या शाळेत शिकवायची. शाळेत ती पुस्तकातल्यासारखं बोलायची. घरी आली की चपला काढायची आणि त्यांच्याबरोबर ते बोलणंही दाराबाहेर ठेवून आत यायची. आमच्या गल्लीत तिच्याशी वाद घालायला सहसा कोणी जात नसे.

बुद्धिबळ तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. आजोबा शिंपी होते. कोटाच्या उरलेल्या तांबड्या कापडावर काळ्या दोऱ्यानं उभ्या-आडव्या रेघा शिवून त्यांनी पट तयार केला होता. त्यावर काळी-पांढरी घरं नव्हती, सगळी चौसष्ट घरं एकाच रंगाची. मोहरी लाकडाची, एक बाजू हिरवी, एक पिवळी. रंग बोटांनी उडून गेलेले. आजोबा गेल्यावर आत्याला खेळायला कोणी उरलं नाही. माझ्या वडिलांना बसून करायच्या कुठल्याच गोष्टीचा धीर नव्हता. मी पाच वर्षांची झाले तशी तिनं मला समोर बसवलं.

तिचं बुद्धिबळ देशी होतं. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढं जातं. राजाला शह बसलेला नसेल तर तो एकदाच घोड्यासारखा अडीच घरं उडी मारू शकतो. प्यादं पलीकडच्या टोकाला ज्याच्या घरात पोचेल, तेच मोहरं होतं. म्हणजे घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती. आणि एका बाजूची सगळी माणसं मरून राजा एकटाच उरला, तर डाव तिथंच थांबतो. कोणी जिंकत नाही. त्याला बुर्जी म्हणायचं.

हा शेवटचा नियम आत्यानं मला नियम म्हणून कधी सांगितलाच नाही. ती म्हणायची, "समोरच्याला पार एकटं पाडायचं न्हाय. एक माणूस ठेवायचा त्याच्याजवळ, मग मात द्यायची. एकट्या राजाला मारण्यात कसला आलाय मोठेपणा?" घरी पाहुणा आला की आधी पाणी द्यायचं, मोठ्यांच्या ताटाला पाय लावायचा नाही, आणि समोरच्याचं शेवटचं प्यादं मारायचं नाही. मला या तिन्ही गोष्टी एकाच जातीच्या वाटायच्या.

दहा वर्षांखालील मुलांच्या जिल्हा स्पर्धेचा कागद तिच्या शाळेत आला तेव्हा तिनं माझं नाव परस्पर देऊन टाकलं. मग कोणीतरी तिला सांगितलं की स्पर्धेत देशी नियम चालत नाहीत. ती एका हायस्कूलच्या क्रीडाशिक्षकांकडे गेली, सगळं विचारून आली आणि शंभरपानी वहीच्या मागच्या पानावर तिनं चार नियम लिहून काढले. एक, प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं. दोन, राजाची उडी नाही, त्याऐवजी हत्तीबरोबर किल्ला करायचा. तीन, प्यादं कुठंही पोचलं तरी वजीर मागायचा. चार, मोहऱ्याला हात लावला की तेच खेळायचं. आठवडाभर ती मला भाजी निवडता निवडता हे चार नियम विचारायची आणि मी पाढ्यांसारखे म्हणून दाखवायची. पाचवी गोष्ट, म्हणजे बुर्जी, तिच्या ध्यानातच आली नाही. तो तिच्या लेखी खेळाचा नियम नव्हता, त्यामुळे ते विचारायचं तिला सुचलं नाही.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. बाकांवर कागदाचे काळे-पांढरे पट चिकटवलेले, प्रत्येक पटाशेजारी दोन तोंडांचं चावीचं घड्याळ. पालकांना आत सोडत नसत. ते बाहेर व्हरांड्यात खिडक्यांच्या गजांना धरून उभे असत. काही आया लसूण सोलत बसलेल्या, काही वडील चहाला म्हणून जात आणि डाव संपल्यावरच उगवत. आत्या तिसऱ्या खिडकीत होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत दडपे पोहे आणि माझा स्वेटर. उन्हाळा असूनही स्वेटर.

शेवटच्या फेरीला माझ्यासमोर कागलची एक मुलगी आली. माझ्याच वयाची, दोन वेण्या, नाक सतत ओढणारी. जी जिंकेल ती जिल्ह्याकडून राज्य स्पर्धेला जाणार, एवढं आम्हा दोघींना माहीत होतं. डाव लांबला. आजूबाजूचे सगळे उठून गेले. अखेर माझ्याकडे राजा, हत्ती आणि घोडा उरले. तिच्याकडे राजा आणि कडेच्या पट्टीतलं एक प्यादं.

हत्तीनं ते प्यादं मला मारता येत होतं. एकदा नाही, दोनदा तशी संधी आली. मी नाही मारलं. मी राजाच्या मागं लागले. दोन शहांत मात होईल असा माझा हिशोब होता, पण त्यात एका घराची चूक होती. ते प्यादं एकेक पाऊल चालत टोकाला पोचलं. त्या मुलीनं हात वर करून पंचांना हाक मारली, "सर, वजीर पाहिजे!" त्या वजिरानं आधी माझा हत्ती नेला आणि नंतर डाव.

पंच तरुण होते, आवाज मोठा पण माणूस मायाळू. निकालाच्या कागदावर आमच्या सह्या घेताना त्यांनी विचारलं, "बाळ, ते प्यादं का नाही मारलंस? फुकटात मिळत होतं की."

"मग बुर्जी झाली असती," मी म्हणाले.

"काय झाली असती?"

मी सांगितलं. तोवर डाव संपला म्हणून पालकांना आत सोडलं होतं. कागलच्या मुलीचे वडील माझ्या मागंच उभे होते. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती, उसाच्या गाडीवर दिलेल्या हाळीसारखा आवाज.

"तुला कुणी सांगितलं गं हे?"

मी आत्याकडं बघितलं. ते वळले.

"तुमी व्हय? बाई, पोरीला बुद्धिबळ शिकवलंसा का दानधर्म?"

सगळे हसले. पंचही हसले. एरवी आत्यानं त्या गृहस्थांना कागलपर्यंत पोचवलं असतं. ती फक्त म्हणाली, "माझंच चुकलं."

ते गृहस्थ वरमले. "न्हाय, मी आपली गंमत केली की. मनाला लावून घ्यायचं न्हाय बाई." त्यांची मुलगी मात्र उड्या मारत होती. "अव्वा, मी जिंकलो! मी जिंकलो की!" तिची आई कानडीत काहीतरी बोलली आणि पदरानं तिचं नाक पुसलं.

परत येताना आत्यानं मला भेळ घेऊन दिली. स्वतः खाल्ली नाही. मी हरले म्हणून ती रागावली असेल असं मला वाटत होतं. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की त्या व्हरांड्यात इतक्या लोकांत मी ते प्यादं का सोडते आहे हे कळणारी ती एकटीच होती. दोन्ही वेळा तिला ते दिसलं होतं, आणि खिडकीतून ओरडून सांगता येत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं वही काढली आणि चार नियमांखाली लिहिलं : पाच, शेवटचं प्यादं मारायचं. मग पट ट्रंकेत गेला.

"आजपास्नं ह्यावर खेळायचं न्हाय."

"का?"

"तुझा हात बिघडतोय. दोन तऱ्हेचं शिकलं की ऐन वेळी भलतं हातातनं जातं."

"मग कधीच नाही?"

मी रडायला लागले असणार, कारण ती खाली बसली. "स्पर्धेचं वय संपलं की पट काढू," ती म्हणाली.

वय संपणं हा त्या स्पर्धांमधला नेहमीचा शब्द होता. दहा वर्षांखालचं वय संपलं की बारा, मग चौदा, सोळा, एकोणीस. एक जानेवारीला हिशोब व्हायचा. डिसेंबरात जन्मलेली मुलं आईबापांवर चिडायची. "माझं चौदाचं वय संपलं," असं चौदा वर्षांची मुलं निवृत्त झालेल्या मास्तरांसारखी बोलायची. आत्या म्हणाली तेव्हा मला वाटलं होतं, दहाचं वय संपलं की पट मिळणार. वर्षभरानं मी मागितला तर ती म्हणाली, "अजून बाराचं हाय की."

नव्या नियमांचं बुद्धिबळ आम्ही दोघी बरोबरच शिकलो. महाद्वार रोडवरून तिनं गुंडाळून ठेवायचा रेक्झिनचा पट आणि प्लास्टिकची मोहरी आणली. वाचनालयातून पुस्तक आणलं. चाली लिहायची पद्धत तिनं आधी शिकून घेतली, मग मला शिकवली. रोज शाळेनंतर एक डाव. वर्षभरात मी तिला हरवायला लागले. त्यावर ती खूश असायची, आणि मला ते आवडायचं नाही. तांबड्या पटावर ती मला कधी जिंकू द्यायची नाही, जिंकली की मांडीवर थाप मारायची. ह्या रेक्झिनच्या पटावर ती मास्तरीण असायची.

पुढची आठ-नऊ वर्षं आम्ही स्पर्धांना जात राहिलो. पेठ वडगाव, इचलकरंजी, सांगली. एसटीनं जायचं, मंगल कार्यालयात नाहीतर शाळेत खेळायचं, संध्याकाळी परत. मी बरी खेळायची, फार चांगली नाही. राज्य स्पर्धेला एकदाच निवडले गेले, चौदाखालच्या गटात, आणि तिथं खालून मोजलेलं सोपं गेलं असतं. पण मला ते हॉल आवडायचे. शंभर मुलं असूनही फक्त घड्याळांची टिकटिक असायची. माझ्यासारख्या फार न बोलणाऱ्या मुलीला तिथं कोणी "बोल की काहीतरी" असं म्हणत नसे.

कागलच्या मुलीशी मैत्री झाली. प्रत्येक स्पर्धेत ती असायचीच. फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती थेट आमच्या पिशवीत हात घालायची. "आत्या, आज काय आणलंया?" तिचे वडील त्या दिवसानंतर आत्याला लांबूनच नमस्कार करायचे आणि दर संक्रांतीला गुळाची ढेप पाठवायचे. आत्या म्हणायची, "हे बघ. दानधर्म कोण शिकलं?"

आत्याचा चेहरा हा एक वेगळाच प्रश्न होता. माझी चाल चुकली की खिडकीत ते स्पष्ट दिसायचं. वडगावच्या एका स्पर्धेत पंच बाहेर गेले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही खिडकीतनं हला. तुमच्या तोंडावर सगळा डाव वाचता येतोय."

"मी एक शब्द बोलले न्हाय!"

"बोलला असता तर एकवेळ चाललं असतं."

तेव्हापासून ती खिडकीकडे पाठ करून उभी राहायला लागली. मला तिचा अंबाडा आणि एक खांदा दिसायचा. ती मधेच वळून एक नजर टाकायची आणि पुन्हा पाठ करायची. त्या वळण्यावरून नाही, पण पुन्हा पाठ करताना खांदा किती खाली गेला यावरून मला माझी चाल कळायची. हे मी पंचांना कधी सांगितलं नाही. आत्यालाही नाही.

पटाची मागणी मी दर वयाला करत होते. चौदाचं वय संपलं तेव्हा आमचं भांडण झालं. मी म्हणाले, "मला नकोत स्पर्धा. मी सोडते. वय संपल्यातच जमा आहे, काढ पट."

"स्पर्धा सोडलीस म्हणून पट मिळणार न्हाय."

"तुला तरी कुठं खेळायला कोणी आहे?"

हे मी बोलायला नको होतं. ती कणीक मळत होती. मळत राहिली. "म्हणून तर म्हणते, वय संपू दे," एवढंच म्हणाली.

ट्रंकेची किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला लटकलेली असायची. माझ्या हाताला सहज यायची. मी ती कधी घेतली नाही. एकटीनं पट काढून काय करणार होते?

एकोणिसाचं वय संपलं त्या एक जानेवारीला सकाळी मी उठले, तर पट हॉलमधल्या सतरंजीवर अंथरलेला होता. घडीच्या जागी कापड फिकट झालं होतं. डांबरगोळ्यांचा वास येत होता. आत्या आंघोळ करून, चहा घेऊन, हिरव्या बाजूला बसली होती. हिरवी बाजू नेहमी तिची.

"तोंड धू आणि ये," ती म्हणाली. "लई वेळ केलास."

पहिल्याच चालीला मी प्यादं दोन घरं सरकवलं. तिनं माझ्या हातावर चापट मारली. "एकच घर!" तिला सगळं आठवत होतं. पाचव्या की सहाव्या चालीला तिचा राजा घोड्यासारखा उडी मारून प्याद्यांच्या आड जाऊन बसला आणि तिनं मांडीवर थाप मारली. ती थाप मी नऊ वर्षांत ऐकली नव्हती. माझं डावात लक्ष लागेना. मी तिच्याकडेच बघत होते.

तासाभरात माझी माणसं संपत आली. माझा राजा आणि एक प्यादं. तिच्याकडे वजीर, हत्ती आणि काही प्यादी. मी राजा हलवला. तिनं हत्ती उचलला, पट्टीतून सरळ आणला, माझं प्यादं उचललं आणि बाजूला ठेवलं.

मी थांबले. तिच्या लक्षात येईल म्हणून वाट पाहिली. ती माझ्या चालीची वाट पाहत होती.

"आत्या, बुर्जी," मी म्हणाले.

"कुणाची?"

"माझी. राजा एकटा राहिला."

ती पटाकडे बघत बसली. मग बाजूला ठेवलेल्या त्या पिवळ्या प्याद्याकडे बघितलं. "हे मी मारलं?"

"तूच."

"व्हय की." आणि मग ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, पदरानं पुसलं, परत हसली. आई स्वयंपाकघरातून बघायला आली. "तुझा हात बिघडू नये म्हणून कुलूप लावलं," ती म्हणाली, "आणि माझाच बिघडला की गं."

वहीतला पाचवा नियम तिनं माझ्यासाठी लिहिला होता. खिडक्यांबाहेर उभं राहून तो तिनंच पाठ केला होता. मीही हसत होते.

तिनं हत्ती मागं नेला आणि माझं प्यादं उचलून त्याच्या घरात परत ठेवलं.

"हात लावला की खेळायचं, आत्या. पंच काय म्हणतील?"

"पंचाला म्हणावं, घरी चहाला ये. हितं माझा नियम. एक माणूस ठेवायचा."

त्यानंतर पंधरा-सोळा चालींत तिनं मला मात दिली. माझं प्यादं शेवटपर्यंत जागेवर उभं होतं.

मग मी शिकायला पुण्याला गेले. सुट्टीत आले की आम्ही तांबड्या पटावर खेळायचो. ट्रंकेला पुन्हा कुलूप लागलं नाही. बुर्जी तिच्याकडून परत कधी झाली नाही. झाली असती तर बरं, असं मला वाटायचं, पण ती आता सावध झाली होती. माझं शेवटचं प्यादं उरलं की ती त्याला बोटानं शिवून बघायची आणि म्हणायची, "हे ऱ्हाऊ दे."

पुढं तिची साखर वाढली, मग मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागायचं. डोळ्यांनी कमी दिसायला लागल्यावर ती चाली तोंडानं सांगायची आणि मी दोन्ही बाजूंची मोहरी हलवायची. घरांची नावं ती जुनीच घ्यायची, वजिराच्या उंटाचं घर, राजाच्या घोड्याचं घर. शेवटचा डाव अर्धा राहिला, कारण ती दमली. "उद्या," म्हणाली. त्या उद्याला तिला ताप आला. नंतर चार दिवसांनी, एका गुरुवारी सकाळी ती गेली. मी शेजारी होते.

तेराव्याला कागलहून दोघं बापलेक आले. माझी मैत्रीण आता तिकडं हायस्कुलात शिकवते. निघताना तिचे वडील म्हणाले, "मी त्या दिवशी उगीच बोललो गं पोरी." मी म्हणाले, "आत्या त्यावर पुष्कळदा हसली काका." ते खरं होतं.

त्या अर्ध्या डावाची मांडणी मी वहीच्या मागच्या पानावर, पाच नियमांच्या खाली उतरवून ठेवली आहे. चाल तिची आहे. पट माझ्याकडे आहे, बत्तीस मोहरी आहेत. आत्याच्या देशी नियमांनी खेळणारी आता मी एकटी आहे.